सर हम्फ्री आणि सड्यावरचा गडगा

२ ऑक्टोबर १९८१, शुक्रवार. हाइल.

सुट्टीच्या दिवशी साहेबांनी बोलावलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं खोलीवरचा जमालुद्दीन म्हणाला. काही बिनसलेलं नव्हतं. उलट मान वाढला. फार्मचे मॅनेजर रॅक्सबी साहेबांनी स्वतःच्या हातानं चहा करून दिला — पाणचट, पण स्वतःच्या हातानं! मग पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत नुसते कागद. त्यांच्या घराण्यात दोनशे वर्षांपूर्वी सर हम्फ्री रॅक्सबी म्हणून कुणी होते. मोठे जमीनदार, सोळा वर्षं पार्लमेंटात. त्यांचं चरित्र साहेब सात वर्षं लिहितायत. अक्षर असं, की वाळूत कोंबडी नाचून गेलेली.

"मांडवकर, या अख्ख्या फार्मवर हे वाचून टाइप करील असा माणूस एकच आहे."

खरंच आहे ते. मिनिटाला साठ शब्द, आणि चूक शोधून दाखवा. हो म्हटलं. दर शुक्रवारी सकाळी तीन तास.

१४ ऑक्टोबर

पहिलं प्रकरण झालं. सर हम्फ्रींचा जन्म १७२९ चा. बाप लवकर गेला, विसाव्या वर्षी सगळी जमीन यांच्या हाती. जमीन कसली — निम्मी दलदल. बदकं, बेडूक आणि हिवताप. या गृहस्थानं चर खणले, पवनचक्क्या बसवून पाणी उपसलं आणि जिथे गुडघाभर चिखल होता तिथे गहू उभा केला. लोक हसत होते म्हणे. आता कोण हसतंय?

मला हा माणूस आवडला. इथे तरी दुसरं काय चाललंय? अरबांच्या मुलखातल्या या हाइलच्या वाळूत गहू! तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा इथे काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं. आता पाईपांचे लांब हात गोल फिरतात आणि विमानातून म्हणे हिरव्या भाकऱ्या थापल्यासारखं दिसतं. ज्याला दिसतं त्यालाच जमतं.

मलाही दिसलं होतं. गेल्या सुट्टीत आमच्या गावचा, तळेकोंडचा, सडा म्हणजे उघडा कातळमाळ घेतला तेव्हा सगळे म्हणाले, गुणाजी, कातळ घेऊन काय करणार? कातळ फोडणार. सुरुंग लावून खड्डे, खड्ड्यांत माती, मातीत हापूसची कलमं. ज्या खोताच्या दारात आमचा आजा चपला काढून उभा राहायचा, त्याच खोताच्या पुतण्यानं सातबारा माझ्या हातात दिला. सही करताना तो उभा होता. मी खुर्चीत बसलो होतो.

२९ ऑक्टोबर

शंकरचं पत्र. पाऊस उघडलाय, कुंपणाच्या भिंतीचे चिरे येऊन पडलेत, दिवाळीनंतर सड्याभोवती गडगा घालायला घेतो. धाकटा भाऊ असून कामाला वाघ आहे. लगेच उत्तर टाकलं — चारी बाजूंनी घाल, छातीइतका उंच. गुरं कलमं खातात.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज निवडणुकीचं प्रकरण. टाइप करता करता हसू आवरेना. सर हम्फ्रींच्या गावात मतदार किती? बत्तीस! अख्ख्या गावात मत देण्याचा हक्क असलेली बत्तीस डोकी, आणि पार्लमेंटात जागा दोन. १७६८ च्या निवडणुकीत सर हम्फ्रींनी चौकात अख्खा बैल भाजला आणि बियरची पिंपं तीन दिवस उघडी ठेवली. एकतीस मतं पडली. बत्तिसावा पिऊन गटारात पडला होता, तो पोचलाच नाही. दुसऱ्या जागेवर धाकट्या भावाला बसवलं. आमचे साहेब त्या भावाच्या वंशातले.

खोलीवर येऊन जमालुद्दीनला सांगितलं. तो बाणकोटचा, पंपांचा फिटर, तीन वर्षं माझ्या शेजारच्या पलंगावर झोपतो. सुरमईचं कालवण परतत होता. म्हणाला, "मग तुमी काय भाजणार, गुणाजीभाऊ?"

मी पंचायतीला उभा राहणार हे त्याला ठाऊक आहे. मी म्हटलं, मला भाजायची गरज नाही. गावात विजेचा खांब माझ्या अर्जानं आला. शाळेची कौलं माझ्या पैशानं. तळेकोंडात माझ्याविरुद्ध उभा राहील असा माणूस अजून जन्माला यायचाय.

"बाई आलेली असेल जन्माला," तो म्हणाला आणि हसला. त्याला असं काहीतरी बोलायची सवय आहे.

४ डिसेंबर, शुक्रवार

थंडी. सकाळी पाईपांवर बर्फाचे काटे होते. पेरणी संपली.

बायकोचं, पारूचं पत्र. सगळे खुशाल. आईचा खोकला बरा. गाय व्याली. शेवटी लिहिलंय — "गडगा झऱ्याच्या वाटेवरून गेला. बाया विचारतात की पाण्याला कुठून जायचं. मी काय सांगू ते कळवावे."

यात विचारायचं काय? सड्याला वळसा घालून ओढ्याच्या अंगानं वाट आहे. अर्धा तास जास्त लागेल. बागेतून बायका आणि गुरं ये-जा करू लागली तर बाग राहील का? तसं कळवलं. शिवाय कळवलं की पुढल्या वर्षी मी निवडून आलो की नळच आणतो. मग झरा कुणाला हवाय?

१ जानेवारी १९८२

साहेबांकडे नवीन वर्षाचा केक. बरा होता.

पेटीच्या तळाशी एक पुडकं सापडलं, साहेबांनीही नीट न पाहिलेलं. त्यांच्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून मागवलेल्या नकला. जुनी लिपी — त्यात एस हा एफसारखा लिहितात, पहिल्या दोन ओळींना अर्धा तास गेला. मग लागलं वाचता.

अर्ज आहे. १७७४ चा. दलदलीच्या कडेला गायरान होतं. तिथे गावातल्या गरिबांची गुरं चरत, हंस पोहत, चुलीला जळण मिळे. सर हम्फ्रींनी पार्लमेंटात कायदा करून घेतला आणि त्या गायरानाला कुंपण घातलं. त्याविरुद्ध हा अर्ज. "आम्ही आणि आमचे वाडवडील आठवणीच्या पलीकडल्या काळापासून." खाली अडुसष्ट नावं. सही जेमतेम नऊ जणांची, बाकी सगळ्या फुल्या. एकेक फुली वेगळी — कुठली आडवी, कुठली पिळवटलेली, एक तर कागद फाटेस्तोवर दाबलेली.

आणि हा अर्ज त्यांनी दिला कुणाकडे? पार्लमेंटात अर्ज नेऊन ठेवायचा तो गावाच्या सभासदानं. म्हणजे सर हम्फ्रींकडेच! त्यांनी तो खिशात घातला. मागच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात दोन शब्द आहेत: "उत्तर नको."

रात्रीच अर्ज टाइप करायला घेतला.

८ जानेवारी, शुक्रवार

साहेबांना अर्ज टाइप करून दिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"हे घ्यायची गरज नाही, मांडवकर. मूळ विषयाला धरून नाही."

मी म्हटलं, साहेब, यापेक्षा जास्त धरून दुसरं काय असणार?

"त्या काळी सगळेच तसं करत."

मी म्हटलं, आमचा खोतही हेच म्हणायचा.

इथली आणि आधीची मिळून आठ वर्षांच्या नोकरीत साहेब लोकांशी असं कधी बोललो नव्हतो. पण जीभ थांबली नाही. सांगितलं की आमच्याकडे खोत होता. आम्ही कुळं. रानातला पाला तोडायचा तर त्याला विचारा, आंबा खाली पडला तरी त्याचा. एकदा आज्यानं आणि वाडीतल्या माणसांनी मिळून अर्ज केला, अंगठे लावले, आणि तो खोताच्याच कारकुनाकडे द्यावा लागला. त्या अर्जाचं काय झालं ते आजा मरेपर्यंत विचारत होता. म्हणून मी हा कागद गाळणार नाही. तुम्हाला नको असेल तर दुसरा टाइपिस्ट बघा.

साहेबांनी ते पान टेबलाच्या खणात ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी नेहमीच्या वेळेला या."

उठताना पाय हलके वाटले. बोलायला हवं होतं, बोललो.

१५ जानेवारी

नेहमीच्या वेळेला गेलो. पवनचक्क्यांचं प्रकरण टाइप केलं.

११ फेब्रुवारी

कॅसेट आली. रत्नागिरीहून येणाऱ्या एका माणसानं आणून दिली. जमालुद्दीनच्या टेपवर लावली. आधी शंकर — गडगा पुरा झाला, फाटकाला कुलूप लावलं, चारशे खड्डे मारून झाले. मग आई. आईला वाटतं ओरडल्याशिवाय आवाज हाइलपर्यंत पोचणार नाही. "गुणाजी, ठकू पडली रे!"

ठकूबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. ओढ्याकडच्या वाटेनं पाणी घेऊन येताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डोलीत घालून राजापूरला नेली, पुढे रत्नागिरीला. आता खाटेवर असते. लहानपणी तिनं मला काजूच्या बिया भाजून दिल्यात.

आईनंतर पारूची पाळी होती. टेप फिरत राहिली. कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं, कुणीतरी "बोल ना" म्हणालं. मग खट्ट करून बंद झालं.

जमालुद्दीन म्हणाला, "उलटी बाजू लावू?" उलट्या बाजूला काही नव्हतं.

१३ फेब्रुवारी

ठकूबाईच्या औषधपाण्याची सोय करायला शंकरला लिहिलं. पारूला लिहिलं की म्हातारं माणूस घरातल्या ओटीवरही घसरतं. पाय घसरायला गडगा कशाला लागतो? नळ येईस्तोवर कळ काढा.

जमालुद्दीनला वाचून दाखवलं. त्यानं पाना उचलला. त्याला पंपावर जायचं होतं.

५ मार्च, शुक्रवार

पंचायतीची निवडणूक लागली! मेच्या दुसऱ्या आठवड्यात मतदान. आणि साहेब म्हणतात, कापणी उरकल्याशिवाय कुणालाही सुट्टी नाही, फार्मच्या मालकांचा, शेखांचा, हुकूम आहे. माझा पासपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या कपाटात. मी तीन वर्षांत एकदाही आजारीसुद्धा पडलेलो नाही, हे सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

ठीक आहे. डोकं चालवलं. शंकरला उभा करतो. सर हम्फ्रींनी भावाला बसवलं होतंच की. नाव शंकरचं, काम माझं. दोन वर्षांनी मी कायमचा घरी गेलो की बघू. शंकरला तार केली: अर्ज भर.

१९ मार्च

शंकरनं अर्ज भरला. लिहितो की आपल्या वाडीतून आणखी एक अर्ज आलाय, पण "तू काळजी करू नकोस". कुणाचा ते लिहिलेलं नाही. असेल कुणी सोम्यागोम्या. मी कशाला करू काळजी?

पारूचं पत्र नाही.

२ एप्रिल, शुक्रवार

गहू पिवळा पडू लागला. सकाळच्या उन्हात असा दिसतो की काम सोडून बघत राहावं.

१७८४ ची निवडणूक टाइप केली. सोळा वर्षांनी सर हम्फ्री पडले! तेच बत्तीस मतदार, तसाच बैल, तशीच पिंपं. लोकांनी बैल खाल्ला, बियर प्याली आणि एकोणीस जणांनी दुसऱ्याला मत दिलं. सर हम्फ्रींनी बहिणीला पत्र लिहिलंय — यंदाची बियर आंबट होती, त्यानं घात केला.

साहेबांना म्हटलं, याला अखेरपर्यंत कळलंच नाही. साहेब पहिल्यांदा मोकळेपणी हसले. मग टेबलाचा खण उघडून अर्जाचं टाइप केलेलं पान काढलं. जानेवारीपासून तिथे ठेवलेलं होतं. माझ्यासमोर सरकवलं.

"सातव्या प्रकरणात घाला. पूर्ण. फुल्यांसकट."

फुल्या टाइपरायटरवर कशा काढायच्या? एक्सचं अक्षर वापरलं. एकोणसाठ वेळा.

३० एप्रिल, शुक्रवार

पुस्तक पुरं झालं. दोनशे चौऱ्याऐंशी पानं. साहेबांनी प्रस्तावना मला वाचायला दिली. त्यात लिहिलंय, "श्री. जी. मांडवकर यांच्या प्रामाणिक आग्रहामुळे या चरित्रातली एक अप्रिय गोष्ट झाकली गेली नाही." दोनदा वाचली ती ओळ. इंग्लंडात छापली जाणार!

साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला इतकी खात्री कशी होती?" मी म्हटलं, ज्याच्या घरातून फुली गेलीय त्याला खात्री असतेच.

आनंदात खोलीवर आलो, तर वादच झाला. जमालुद्दीनला ती ओळ मराठीत करून सांगितली. तो बूट पुसत होता. खाली बघतच म्हणाला, "आनि तळेकोंडच्या बाया कुनाला अर्ज करनार, भाऊ? तुमालाच ना?"

मी म्हटलं, कुठली गोष्ट कुठे लावतोस? त्या माणसानं गायरान लाटलं. मी खोताला मोजून किंमत दिलीय. सातबारा माझ्या नावावर आहे. कातळावर बाग उभी करतोय, चार माणसांना काम मिळेल.

"त्यानं बी गहू उभा केलान ना?"

मी त्याला म्हटलं, तू बाणकोटचा, तुला सड्याची काय माहिती. नको ते बोललो. तो उठून बाहेर गेला. त्याचा चहा तसाच राहिला.

१ मे

जमालुद्दीन सरळ बोलतो, पण आज कमी बोलला. मीठ मागितलं, एवढंच.

७ मे

कापणी. आठ यंत्रं एका ओळीत. धूळ इतकी की दुपारी दिवे लावून चालवतात. ऑफिसात ट्रकांच्या याद्या, वजनाच्या पावत्या, बोटं दुखली. बरं आहे, डोकं रिकामं राहत नाही.

पारूला पत्र लिहिलं. गडग्याबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहावं ते ठरेना. फाटकाचं कुलूप दिवसातून दोन वेळा उघडता येईल, असं मनात आलं. ते लिहिलं आणि खोडलं. एकदा उघडलं की रोजचंच होणार.

१६ मे

मतदान होऊन गेलं असणार. शंकर निवडून येणारच, फक्त किती मतांनी ते बघायचं. साहेबांनीही विचारलं, "तुमच्या भावाचं काय झालं?" म्हटलं, तार येईल.

२३ मे

तार नाही. शंकर आळशी. जिंकला की गुलाल खेळत बसला असेल.

जमालुद्दीनची माफी मागितली. तो म्हणाला, "खलास. सोडा." मग आपल्या ताटलीतलं हलवा माशाचा तळलेला तुकडा माझ्या ताटलीत टाकला.

४ जून, शुक्रवार

शंकरचं पत्र आलं. वाडीतून आलेला दुसरा अर्ज पारूचा होता. ठकूबाईच्या खाटेशी बसून बायांनी ठरवलं, आईनं तिच्या अर्जावर अंगठा दिला. शंकरला एकोणीस मतं. पारूला एकशे सात. पहिल्याच सभेत झऱ्याच्या वाटेचा ठराव झाला — गडग्याच्या मालकाला नोटीस पाठवून म्हणणं मागवावं. नोटीस सोबत आहे. खाली सही, तिच्या त्या गोल गोल अक्षरात: पार्वती गुणाजी मांडवकर, सदस्या.

दर वेळी मी "चि. सौ. पारूस अनेक आशीर्वाद" असं सुरू करतो. आज तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "ग्रामपंचायत सदस्या, तळेकोंड, यांस. अर्जदार गुणाजी मांडवकर याचा अर्ज, की झऱ्याच्या वाटेवरचा गडगा मी येऊन माझ्या हातानं पाडीपर्यंत आपण थांबू नये. आजच पाडावा."

खाली सही केली. पाकीट चिकटवून जमालुद्दीनकडे दिलं, टपालात टाकायला.